हिवाळाभर वाचनालय: साताऱ्यात सभासद होण्यापासून गावाचा इतिहास शोधण्यापर्यंत

दिवाळीचा फराळ संपत आला की साताऱ्यात दिवस झपाट्याने लहान होतो. अजिंक्यताऱ्याकडून गार वारा उतरायला लागतो आणि राजवाड्यावर चौपाटीची गर्दी असली तरी बाकीची माणसं लवकर घर गाठतात. वाचनालयाचं वर्ष मात्र याच दिवसांत भरात येतं. दिवाळी अंक आलेले असतात, नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताह असतो, जानेवारीत ग्रंथमहोत्सव भरतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा गौरव दिन येतो. सभासद व्हायचं मनात असेल तर जूनची वाट पाहू नका, आत्ताच व्हा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. वाचनालयात जे आहे त्यातलं फार थोडं काउंटरवरून दिसतं. बाकीचं कपाटात, गठ्ठ्यात, वरच्या मजल्यावर आणि ग्रंथपालाच्या डोक्यात असतं. ते विचारल्याशिवाय मिळत नाही. जो विचारतो त्याला त्याच वर्गणीत कितीतरी जास्त मिळतं.

आधी वाचनालय निवडा

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयं बहुतेक संस्थांनी चालवलेली आहेत आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली त्यांना सरकारी अनुदान मिळतं. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वर्ग वरचा असेल तर पुस्तकं जास्त, नियतकालिकं जास्त आणि उघडं राहण्याचे तासही जास्त. पाटीवर बहुधा हा वर्ग लिहिलेला असतो. आता तो वाचायची सवय लावून घ्या.

सातारा शहरात पहिलं नाव येतं श्री छत्रपती प्रतापसिंह महाराज (थोरले) नगर वाचनालयाचं. जुना संग्रह, पुस्तकांची देवघेव आणि व्याख्यानं या तिन्हींसाठी ते पाहायलाच हवं. याशिवाय प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचं जिल्हा ग्रंथालय असतं आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं कार्यालयही असतं. तुमच्या तालुक्यात, गावात कोणकोणती मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत हे विचारायची तीच जागा. वाई, कराड, फलटण, कोरेगाव अशा गावांत राहणाऱ्यांनी साताऱ्याला यायची गरज नाही, तिथेही जुनी, चांगली वाचनालयं आहेत. खेड्यातलं वाचनालय छोटं असलं तरी कमी समजू नका. पुस्तकं कमी असतील, पण तुम्ही एखादं पुस्तक सुचवलंत तर ते घेतलं जाण्याची शक्यता तिथे जास्त असते.

निवडताना इमारत पाहू नका. संध्याकाळी पाच-साडेपाचला जा आणि देवघेवीच्या काउंटरजवळ थोडा वेळ थांबा. परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात काय आहे ते बघा. तिथेच उभं राहून कोणी पुस्तक उचलतंय का? नवीन पुस्तकांसाठी वेगळी मांडणी आहे का? यावर्षीची पुस्तकं त्यात आहेत का? वाचनालय जिवंत आहे की नाही ते एवढ्यावरून कळतं. मुक्तद्वार विभागात, म्हणजे जिथे कोणीही बसून वर्तमानपत्र वाचू शकतो तिथे, सकाळी एक फेरी मारा. तिथे सभासदत्व लागत नाही. वाचनालयाची ओळख करून घ्यायला ही बिनखर्चाची सोय आहे.

सभासद होताना काय काय विचारायचं

आधार कार्डाची प्रत, पत्त्याचा पुरावा म्हणून हवं तर लाइट बिल आणि दोन फोटो बरोबर ठेवा. काही ठिकाणी आधीच्या सभासदाची ओळख मागतात. शेजारीपाजारी कोणी सभासद असेल तर त्यांची सही घेऊन जा.

पैशांचे दोन भाग असतात आणि नवीन माणसाचा तिथेच गोंधळ होतो. अनामत एकदाच भरायची असते आणि सभासदत्व सोडताना ती परत मिळते. वर्गणी महिन्याची, तिमाहीची किंवा वर्षाची असते आणि ती परत मिळत नाही. अनामतीची पावती जपून ठेवा. घरच्या कागदपत्रांच्या फायलीतच लावा, कारण दहा वर्षांनी अनामत मागायला गेलात की पहिला प्रश्न पावतीचाच येतो. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर सवलत आहे का, तेही विचारा.

मग हे प्रश्न: एका वेळी किती पुस्तकं मिळतात? किती दिवसांसाठी? मासिकं त्याच कार्डावर मिळतात की वेगळी वर्गणी आहे? उशीर झाला तर दंड किती? पुस्तक हरवलं तर किंमत भरायची की तेच पुस्तक आणून द्यायचं? साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते? दुपारी वाचनालय बंद असतं का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सकाळ-संध्याकाळ अशा दोन पाळ्यांत उघडणारी वाचनालयं आपल्याकडे बरीच आहेत आणि कोरेगावहून एसटीने आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसलं की तो पुन्हा येत नाही.

घरात मुलं असतील तर त्यांचं कार्ड वेगळं काढा. बालविभागाची वर्गणी कमी असते. स्वतःच्या नावाचं कार्ड हातात असलेलं मूल वाचनालयाकडे वेगळ्याच नजरेने पाहतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

कपाटांची भाषा

बऱ्याच मोठ्या वाचनालयांत पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर दशांश वर्गीकरणाचा आकडा असतो. तो कळला की अर्धं काम सोपं होतं. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं. त्याच्यापुढे १ असेल तर कविता, २ असेल तर नाटक, ३ असेल तर कथा-कादंबरी आणि ४ असेल तर निबंध, ललित. म्हणजे ८९१.४६३ दिसलं की तुम्ही कादंबऱ्यांच्या कपाटासमोर आहात. चरित्रं ९२० च्या आसपास, भारताचा इतिहास ९५४ ला, प्रवास ९१० ला, शेती ६३० ला, आरोग्य ६१० ला आणि स्वयंपाक ६४१ ला. एवढे आकडे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

छोट्या वाचनालयांत आकडे नसतात, तिथे ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘धार्मिक’, ‘बालवाङ्मय’ अशा पट्ट्या लावलेल्या असतात. काही ठिकाणी कपाटांपर्यंत जाता येत नाही, यादीतून नाव सांगावं लागतं. तिथे दाखल क्रमांक महत्त्वाचा. पुस्तक वाचनालयात आलं त्या क्रमाने त्याला दिलेला हा आकडा असतो. एकाच नावाची दोन पुस्तकं असतील तर तोच उपयोगी पडतो. ज्यांनी ई-ग्रंथालयसारखी संगणक प्रणाली बसवली आहे तिथे लेखकाच्या आडनावाने शोधा. मराठी टंकलेखनात ‘वि. स.’ आणि ‘वि.स.’ यांतल्या एका मोकळ्या जागेनेही पुस्तक सापडत नाही, आडनावाने मात्र सापडतं. नुसत्या आडनावानेही नाही मिळालं तर शीर्षकातला एकच ठळक शब्द टाकून बघा.

जाताना एका पुस्तकाचं नाव घेऊन जाऊ नका, चार-पाच नावं न्या. हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असणार हे धरूनच चला. आणि बाहेर असेल तर ‘माझं नाव लावून ठेवा’ असं सांगा. परत आलं की बाजूला काढून ठेवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, पण सभासद ती वापरतच नाहीत.

ग्रंथपालाशी बोलणं

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे. ‘काहीतरी चांगलं द्या’ असं म्हटलं की समोरून हमखास खपणारी कादंबरी येते. त्यात ग्रंथपालाची चूक नाही, त्याला तुमच्याबद्दल काहीच कळलेलं नसतं. त्याऐवजी असं म्हणून पाहा: ‘मॅडम, मला माणदेशातल्या दुष्काळाबद्दल वाचायचंय. कथा चालतील, आत्मचरित्र चालेल, पण फार जाड नको.’ किंवा, ‘काका, आईला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोठ्या अक्षरातलं, छोट्या प्रकरणांचं काही आहे का?’ विषय, प्रकार, जाडी आणि वाचणारा माणूस या चार गोष्टी सांगितल्या की देणाऱ्याला शोधायला दिशा मिळते.

वाचून परत करताना एक वाक्य सांगा. आवडलं तर का आवडलं, अर्धवट सोडलं तर कुठे कंटाळा आला. तीन-चार वेळा असं झालं की ग्रंथपाल तुमच्यासाठी पुस्तकं मनात बाजूला काढायला लागतो. वर्षानुवर्षं काउंटरवर बसलेल्या माणसांना कोण काय वाचतं, कोणतं पुस्तक रडवतं, कोणतं पहिल्या पन्नास पानांनंतर पकड घेतं हे पक्कं ठाऊक असतं. हे ज्ञान कुठल्याही यादीत लिहिलेलं नसतं.

वेळ मात्र पाहून विचारा. संध्याकाळी पुस्तकं बदलायला रांग लागलेली असते, तेव्हा लांब चौकशी नको. सकाळी उघडल्यावर तासाभराने गेलात तर निवांत बोलता येतं. आणि संकोच करू नका. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे. तुम्ही विचारता तेव्हा ग्रंथपालाला त्याचं खरं काम करायची संधी देत असता.

दिवाळी अंकांची योजना

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. आज शेकडो अंक निघतात. ते सगळे विकत घेणं कोणाच्याच खिशाला झेपणारं नाही. वाचनालयांनी यावर योजना काढली आहे. ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे तीन-चार महिने एकामागून एक अंक बदलून न्यायचे. काही ठिकाणी ही योजना सभासद नसलेल्यांनाही मिळते. ज्यांना कायमची वर्गणी भरायची की नाही हे ठरत नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

पहिल्या पंधरवड्यात सगळे नावाजलेल्या चार-पाच अंकांच्या मागे असतात. तेव्हा तुम्ही उलट बाजूने सुरुवात करा: एकाच विषयाला वाहिलेले अंक घ्या. शेती, आरोग्य, विज्ञान, बालसाहित्य, प्रवास, चित्रपट, अगदी ग्रामीण भागातून निघणारे छोटे अंकसुद्धा. गाजलेले अंक जानेवारीत सहज मिळतात.

अंक हातात आला की कथेपासून सुरुवात न करता अनुक्रमणिका पूर्ण वाचा आणि काय वाचायचं त्यावर मनातल्या मनात खूण करा. वहीत दोन रकाने करा. एकात आवडलेला लेख, दुसऱ्यात त्याचा लेखक. फेब्रुवारीपर्यंत या वहीत पाच-सहा नवी नावं जमतात आणि मग त्या लेखकांची पुस्तकं मागता येतात. नवा लेखक सापडायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

आणि जुने अंक विचारा. पुष्कळ जुन्या वाचनालयांत मासिकांचे बांधीव खंड वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात. १९२० साली किर्लोस्करवाडीहून सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर’चे आणि त्यानंतर दहा वर्षांनी निघालेल्या ‘स्त्री’चे जुने अंक कुठे मिळाले तर घरी नेण्याचा आग्रह धरू नका, तिथेच बसून चाळा. त्यातल्या जाहिराती, वाचकांची पत्रं आणि पाककृती वाचताना आपल्या आज्यांचं जग समोर उभं राहतं.

संदर्भ विभागात: आपल्या गावाचा शोध

संदर्भ विभागात फक्त स्पर्धा परीक्षावाले आणि पीएचडीवालेच जातात असा एक समज आहे. तो सोडा आणि या हिवाळ्यात एक काम हाती घ्या: आपल्या गावाबद्दल, पेठेबद्दल किंवा नदीबद्दल छापलेलं जे जे सापडेल ते एका वहीत उतरवायचं. मुलांना बरोबर घेतलंत तर फारच छान.

सुरुवात गॅझेटिअरपासून, म्हणजे जिल्ह्याची गावोगावची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथापासून, करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा साताऱ्याचा खंड १८८५ साली निघाला. तो इंग्रजीत आहे, पण गावांची नावं वर्णानुक्रमाने असल्याने शोधायला सोपा. बाजार कोणत्या वारी भरायचा, लोकवस्ती किती होती, देवळं कोणती, रस्ते कसे, विहिरी किती, असं बरंच काही त्यात आहे. स्वातंत्र्यानंतर नव्याने लिहिलेलं गॅझेटिअर १९६३ चं. दोन्ही शेजारी ठेवून एकाच गावाची नोंद वाचा. मधल्या सुमारे ऐंशी वर्षांत काय बदललं ते डोळ्यांसमोर येतं.

शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा, नाहीतर उगीच निराश व्हाल. आजचा सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे वाळवा, तासगाव, खानापूर भागातली जुनी माहिती साताऱ्याच्याच कागदांत सापडते. उलट औंध आणि फलटण ही १९४८ पर्यंत संस्थानं होती, त्यांच्याबद्दल शोधायचं तर संस्थानांच्या इतिहासाची पुस्तकं मागा. औंधला गेलात तर तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या भवानी संग्रहालयाबरोबर त्यांच्या ग्रंथसंग्रहाचीही चौकशी करा.

गॅझेटिअरनंतर कोश. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आणि पं. महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश पाहा. देवस्थानं, जत्रा, व्रतं, जाती-जमाती, वाद्यं यांबद्दल काही हवं असेल तर संस्कृतिकोशातून सुरुवात केलेली बरी. आणि आपल्या जिल्ह्याला ज्याचा अभिमान वाटावा असा मराठी विश्वकोश वाईत तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. साताऱ्याच्या माणसाने तो कपाटातून खाली काढून एकदा तरी हाताळावा.

वहीत नोंद करताना पुस्तकाचं नाव, खंड, वर्ष आणि पान लिहाच. दोन महिन्यांनी तीच ओळ पुन्हा शोधायला लागली की या सवयीची किंमत कळते. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. जुनी पानं ठिसूळ झालेली असतात, झेरॉक्ससाठी उघडून दाबली की शिवण तुटते. पेन बाजूला ठेवा, पेन्सिल वापरा.

छापील माहिती संपली की घरातल्या, गल्लीतल्या वडीलधाऱ्यांकडे जा. १९४२ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेलं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, या जिल्ह्याच्या गावागावांत पोहोचलं होतं. त्याच्या आठवणी सांगणारे आता थोडे उरले, पण त्यांच्या मुलांनी, सुनांनी ऐकलेल्या गोष्टी अजून आहेत. त्या लिहून काढा आणि वहीची एक प्रत वाचनालयाला द्या. पुढच्या कोणाच्या तरी शोधाची सुरुवात तिच्यापासून होईल.

मुलांसाठी

नाताळच्या सुट्टीत मुलांना मोबाइलपासून लांब ठेवायची धडपड करण्यापेक्षा बालविभागात तास-दीड तास बसू द्या आणि तुम्ही शेजारी आपलं पुस्तक वाचा. त्यांनी निवडलेलं पुस्तक तुम्हाला बाळबोध वाटलं तरी बदलायला लावू नका. एकच चित्रमय पुस्तक चौथ्यांदा आणलं तरी आणू द्या. रात्री मोठ्याने वाचून दाखवा. सातवी-आठवीतल्या मुलांनाही ते आवडतं, फक्त ते कबूल करत नाहीत.

पुस्तकाला बाहेरच्या जगाशी जोडलं की मुलं ते धरून ठेवतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात पक्ष्यांवरचं चित्रांचं पुस्तक आणा, घराजवळच्या झाडांवरचे पक्षी ओळखा, आणि थंडी पुरती पडली की खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर जा. हिवाळी पाहुणे पक्षी, नशीब असेल तर रोहितसुद्धा (फ्लेमिंगो), तिथे दिसतात. जाण्याआधी पाणी आणि पक्षी आहेत का, याची गावात चौकशी करा.

अभ्यासिका

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी थोडक्यात: अभ्यासिकेची जागा मर्यादित असते, यादी लागते, तेव्हा नाव आधी नोंदवा. मुलींनी रात्री बंद व्हायची वेळ आणि परतीच्या एसटीची वेळ दोन्ही पाहूनच जागा ठरवावी. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली अभ्यासिकेत नसल्या तरी मुक्तद्वार विभागात असतात, त्या मागून घ्या.

घरी बसून

गुडघेदुखीमुळे पायऱ्या चढता येत नाहीत, धुक्यात गाडी काढायची भीती वाटते, अशांसाठी हे. मराठी विश्वकोश पूर्णपणे इंटरनेटवर मोफत वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यात इतिहासाची साधनं, भाषांतरं आणि समग्र वाङ्मयही आहे. जिल्हा गॅझेटिअरही सरकारी संकेतस्थळावर आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय विद्यार्थ्यांना फार उपयोगी आहे, नोंदणी मोफत. लहान मुलांसाठी राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे ॲप घ्या. मराठी पुस्तकंही त्यात आहेत. दृष्टी अधू असलेल्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे, २०१६ पासून सुरू झालेलं. तिथे ऐकता येतील, मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रावर चालतील अशा स्वरूपात पुस्तकं मिळतात. घरात असा कोणी असेल तर नोंदणीसाठी तुम्हीच मदत करा, पहिल्यांदा ती जरा किचकट वाटते.

हिवाळ्याचं पंचांग

या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर आत्ताच लिहून टाका. ७ नोव्हेंबर: १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. आज ते प्रतापसिंह हायस्कूल. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलांना शाळा दाखवून तिथूनच वाचनालयात न्या, बाबासाहेबांचं बालचरित्र त्याच दिवशी हातात द्या.

१४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. या आठवड्यात बरीच वाचनालयं दुर्मीळ ग्रंथांचं प्रदर्शन मांडतात, एरवी कुलपात असलेली पुस्तकं बाहेर येतात. शासनाचा जिल्हा ग्रंथोत्सवही बहुधा हिवाळ्यातच होतो. तारीख जिल्हा ग्रंथालयात कळते.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. १८३१ साली त्या जन्मल्या ते नायगाव आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे. त्या दिवशी तिथे मोठी गर्दी असते. शांतपणे स्मारक पाहायचं असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात जा.

जानेवारीतच सातारा ग्रंथमहोत्सव. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन आणि पुस्तकांची दालनं. २०२६ च्या जानेवारीत तर ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनच साताऱ्यात भरलं. महोत्सवात पहिल्या दिवशी नुसतं फिरा, पुस्तकं हाताळा, नावं लिहून घ्या. मग वाचनालयात जाऊन त्यातली कोणती आहेत ते पाहा आणि जी नाहीत, जी पुन्हापुन्हा लागणार आहेत, तीच शेवटच्या दिवशी विकत घ्या. पैसे वाचतात आणि घरात न वाचलेल्या पुस्तकांची रास लागत नाही.

१४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. संक्रांतीला सवड असेल तर शेजारच्या सांगली जिल्ह्यात औदुंबरला जा. सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन त्या दिवशी कृष्णाकाठी भरतं. मोठ्या संमेलनातली धक्काबुक्की तिथे नाही, निवांत ऐकता येतं. मग २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. त्यासाठी वाचनालयात अभिवाचन करायची इच्छा असेल तर जानेवारीतच कार्यवाहांना भेटा, आदल्या आठवड्यात कार्यक्रमपत्रिका ठरलेली असते.

भिलारचा एक दिवस

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधलं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत, लॉजमध्ये, देवळात पुस्तकं ठेवली आहेत. एका घरात इतिहास, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात बालसाहित्य अशी विभागणी आहे. वाचायला पैसे पडत नाहीत, पुस्तक मात्र गावाबाहेर न्यायचं नाही. मे महिन्यातली गर्दी टाळून डिसेंबर-जानेवारीत जा, तेव्हा स्ट्रॉबेरीचाही हंगाम असतो. सकाळी दहाच्या सुमारास पोहोचा, सगळी घरं पालथी घालायचा हट्ट धरू नका, दोन घरं निवडा आणि बसा. लोकांची राहती घरं आहेत ती. चप्पल बाहेर काढा, आवाज हळू ठेवा, पुस्तक जिथून घेतलं तिथेच ठेवा. स्वेटर विसरू नका, सावलीतली खोली दुपारीही गार असते.

वाचनकट्टा आणि मागणी

एकट्याने वाचून कंटाळा येत असेल तर चार-सहा जण मिळून कट्टा सुरू करा. वाचनालयाचं छोटं दालन महिन्यातून एका रविवारी मिळेल का विचारा. सभासदांना बहुधा नाही म्हणत नाहीत. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचा नियम आपल्याकडे टिकत नाही, कारण वाचनालयात प्रती एक-दोनच असतात. त्यापेक्षा विषय एक ठेवा, पुस्तकं वेगवेगळी. ‘कोयना’ हा विषय घेतला तर एकजण धरणावरचं वाचेल, एकजण १९६७ च्या भूकंपावरचं, एकजण विस्थापितांच्या कहाण्या. प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, मग गप्पा. चहा आणि तिळाच्या वड्या घरून न्या.

पुस्तक वाचनालयात नसेल तर मागणीच्या वहीत लिहा: नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. अपुरी नोंद बाजूला पडते. अनुदानाच्या पैशातून होणारी बरीच खरेदी मार्चअखेरीच्या आत उरकायची असते, म्हणून मागणी डिसेंबर-जानेवारीत नोंदवलेली चांगली. एकाच पुस्तकाची मागणी तीन-चार सभासदांनी केली तर ती समितीपुढे लवकर जाते. कट्ट्याचा इथे उपयोग होतो. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही वाचनालयांना पुस्तकं मिळतात. त्या पेट्या आल्या की नवीन काय आलं ते आधी विचारा, गावातल्या इतरांच्या आधी तुमच्या हाती पडेल.

घरातली पुस्तकं द्यायची असतील तर पोतं भरून दारात ठेवू नका. आधी यादी करून ग्रंथपालाला दाखवा. शालेय पाठ्यपुस्तकं, जुनी गाइडं, वाळवी लागलेली पुस्तकं त्यांना ठेवता येत नाहीत आणि ती निवडण्यात त्यांचे तास जातात. स्थानिक स्मरणिका, देवस्थानांच्या पुस्तिका, शाळांचे शताब्दी अंक, जुने लग्नपत्रिकांचे नमुने, गावच्या नाटकांची हस्तपत्रकं मात्र आवर्जून दाखवा. ती दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. पुस्तक देताना पहिल्या पानावर वर्ष आणि गाव लिहा, आणि दाखल झाल्याची पावती मागून घ्या.